मागे घेतलेली दुरुस्ती

सुरक्षेच्या दुरुस्तीने काही अडलं की फोन वाजू लागतात. दुरुस्ती काढून टाकली की फोन थांबतात. सुरक्षा गेली म्हणून मात्र फोन येत नाही.

अंबड एमआयडीसीत गेट पास, स्टोअरचा साठा, डिस्पॅचचं चलन आता सॉफ्टवेअरवर निघतं. त्यातलं काही कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या बंदिस्त डब्यांत, चालतं, आणि या कंटेनरांची देखरेख बहुतेक वेळा कुबरनेटिस हे सॉफ्टवेअर करतं. कुठला कंटेनर रूट, म्हणजे सर्वाधिकारी, म्हणून चालणार, कोणाचा हात यजमान यंत्राच्या डिस्कपर्यंत पोचणार, कोण कोणाशी बोलणार, हे सगळं थोड्या ओळींत लिहिलेलं असतं. ओळी घट्ट असोत की सैल, चलन निघतंच. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, आणि मला भीती वाटते ती या सारखेपणाची.

टेस्लाच्या क्लाउडमधलं कुबरनेटिसचं कन्सोल पासवर्डविना उघडं होतं. परक्यांनी त्यात शिरून क्रिप्टोचलन काढायला घेतलं. हे फेब्रुवारी 2018 मध्ये रेडलॉक या सुरक्षा कंपनीने उघड केलं. आत शिरलेल्यांनी यंत्रावरचा भार मुद्दाम बेताचा ठेवला होता. चोराला आपली शांतता कळते. ती मोडू नये याची काळजी तोही घेतो.

दुपारी लावलेला नियम रात्री बोलतो. कुबरनेटिसच्या 1.25 या आवृत्तीत, ऑगस्ट 2022 मध्ये, जुनी ‘पॉड सिक्युरिटी पॉलिसी’ काढून टाकली गेली. तिच्या जागी आलेल्या व्यवस्थेत नेमस्पेसला, म्हणजे पॉडच्या एका कप्प्याला, लेबल लावायचं आणि प्रिव्हिलेज्ड, बेसलाइन, रिस्ट्रिक्टेड यांतली एक पातळी निवडायची. लेबल लावलं तरी आधीपासून चालणारे पॉड, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचे गट, तसेच चालत राहतात. नियम नव्याने जन्मणाऱ्या पॉडलाच अडवतो. लेबल लावताना पडद्यावर इशारे येतात, पण काही बंद पडत नाही, म्हणून ते कोणी वाचत नाही. मग रात्री एखादा नोड, म्हणजे यजमान यंत्र, बसतो, पॉड दुसरीकडे उभे राहू पाहतात आणि दारातच अडतात. ट्रक गेटवर, चलन अडकलेलं. रात्रपाळीचा माणूस लेबल काढतो.

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गाडी सोडणं हेच त्याचं काम होतं. ज्या नियमाची चाचणी दिवसा झाली नाही, ती त्याला एकट्याला, रात्री, ड्रायव्हर समोर उभा असताना करावी लागली. नियम आधी ‘वॉर्न’ आणि ‘ऑडिट’वर ठेवून पाहायची सोय त्याच व्यवस्थेत आहे. ती वापरली असती तर हीच अडचण दुपारी, कागदावर दिसली असती.

मागच्या आवृत्तीवर नेणारी ‘रोलआउट अनडू’ ही आज्ञा निवड करत नाही. नवी आवृत्ती संथ चालते म्हणून मागे गेलो, आणि त्याच आवृत्तीत रूटचा अधिकार काढलेला होता, तर तो अधिकारही परत येतो. बुजवलेलं भोक पुन्हा उघडतं, कारण जुन्या इमेजमध्ये जुनीच लायब्ररी असते. उलट, नेटवर्कचे नियम किंवा वाटलेले अधिकार या आज्ञेने मागे जात नाहीत. ते वेगळे राहतात. म्हणजे मागे गेल्यावर आपण कालच्या जागी पोचतच नाही. आजचं अर्धं आणि कालचं अर्धं मिळून झालेल्या, कोणीच न तपासलेल्या जागी पोचतो. सुरक्षेचा बदल स्वतंत्र पाठवावा, दुसऱ्या कुठल्या बदलाच्या पाठीवर बसवून पाठवू नये, यासाठी एवढं कारण पुरे.

रूटची ती एक ओळ किती मोलाची, हे फेब्रुवारी 2019 मध्ये दिसलं. रनसी या कंटेनर चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधला दोष उघड झाला. कंटेनरच्या आत रूट असलेल्याला यजमान यंत्रावरचा हा प्रोग्रॅमच बदलून टाकता येत होता. ज्यांचे कंटेनर रूटविना चालत होते, त्यांच्याकडे त्या दोषाला ही वाट मिळाली नाही.

अंबडला प्रेस शॉप आहेत, त्यामुळे हे इथे वेगळं समजवावं लागू नये. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात ती दोन्ही हात डायबाहेर राहावेत म्हणून. एक बटण बांधून ठेवलं तर त्या पाळीत पीस वाढतात, आणि वाढलेले पीस रजिस्टरमध्ये चढतात. वाचलेल्या बोटांसाठी रजिस्टरमध्ये रकाना नाही. 1948 च्या कारखाना अधिनियमाने यंत्राला संरक्षक कुंपण सक्तीचं केलं, ते हा रकाना नसतो हे ओळखूनच, असं मला वाटतं.

माघार घ्यावीच लागते. पण ती अरुंद असावी. एक पॉड अडला तर त्या एकाला वेगळ्या नेमस्पेसमध्ये नेऊन सूट द्यावी, आधीच्या अख्ख्या नेमस्पेसला नव्हे. फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती ठेवल्यामुळे प्रोग्रॅमला तात्पुरत्या फाइली लिहिता येत नसतील, तर त्या एका फोल्डरपुरती लिहिण्याची जागा जोडून देता येते. सगळी डिस्क मोकळी करायचं कारण नाही.

इथल्या लहान कारखान्यात स्वतंत्र माणूस ठेवणं परवडत नाही, काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे असतं. कंत्राटात सेवा किती टक्के चालू राहील हे लिहिलेलं असतं, बंद पडली तर दंड किती तेही. एप्रिल 2022 च्या सर्ट-इनच्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना सहा तासांत कळवायची, हेही हल्ली कोणी त्यात घालतं. त्याच पानावर आणखी एक ओळ हवी: मागे घेतलेला सुरक्षेचा बदल किती दिवसांत परत लागेल आणि कोण लावेल. आणि ती सूट रात्री देणाऱ्याला सकाळी जाब न विचारता, कुठे काय अडलं ते विचारायचं, हेही तिथेच लिहावं.