षष्ठीचा पेच

पौलाच्या गलतीकरांस पत्रात (2:16) मनुष्य नीतिमान कशाने ठरतो, म्हणजे देवापुढे निर्दोष कसा गणला जातो, हे सांगताना ‘पिस्तिस ख्रिस्तू’ हे ग्रीक शब्द येतात. ‘पिस्तिस’ म्हणजे विश्वास आणि निष्ठाही. ‘ख्रिस्तू’ हे षष्ठीचे रूप. ही षष्ठी कर्माची मानल्यास ख्रिस्त हा विश्वासाचा विषय होतो. कर्त्याची मानल्यास निष्ठा खुद्द ख्रिस्ताची ठरते आणि तारणाचा, म्हणजे पापापासून सुटकेचा, आधार माणसाच्या मनाऐवजी ख्रिस्ताच्या आज्ञापालनात शोधावा लागतो. भाषांतरकार आणि उपदेशक यांच्यातील वाद याच पेचावर आहे.

भाषांतरकार : ‘देवाची भक्ती’ म्हटले की देव कर्म असतो, ‘नामदेवाची भक्ती’ म्हटले की नामदेव कर्ता असतो, ग्रीक षष्ठी तशीच दुहेरी आहे. लॅटिन व्हल्गेटने आणि 1611 च्या इंग्रजी भाषांतराने ती तशीच राहू दिली. लूथरच्या जर्मन भाषांतराने मात्र ‘ख्रिस्तावरील’ असा निवाडा केला आणि प्रचलित मराठी पवित्र शास्त्रातही तोच आहे. रोमकरांस 3:3 मध्ये ‘देवाची पिस्तिस’ म्हणजे देवाचा विश्वासूपणा आणि 4:16 मध्ये ‘अब्राहामाची पिस्तिस’ म्हणजे अब्राहामाचा विश्वास असेल, तर ख्रिस्ताचे नाव येताच व्याकरण का बदलावे?

उपदेशक : मार्क 11:22 मधील ‘देवाची पिस्तिस’ मात्र देवावरचा विश्वास अशीच सहसा वाचली जाते. शिवाय गलतीकरांच्या त्याच वचनात ख्रिस्तावर विश्वास ठेवल्याचे क्रियापद स्वच्छ आले आहे. पौलानेच दिलेला खुलासा बाजूला का सारायचा?

भाषांतरकार : खुलासा मानला, तर पौल एकाच वचनात एकच गोष्ट तीनदा सांगतो असे होते.

उपदेशक : नियमशास्त्रातील कर्मांनी कोणी नीतिमान ठरत नाही, हेही तो त्याच वचनात तीनदा सांगतो; ती पुनरुक्ती खटकत नाही, मग हीच का खटकावी?

भाषांतरकार : या प्रश्नाला व्याकरणातून उत्तर मिळत नाही. म्हणूनच रिचर्ड हेज यांनी 1983 च्या ग्रंथात पौलाच्या युक्तिवादामागील ख्रिस्तकथेचा आधार घेतला आणि जेम्स डन यांनी त्यांना विरोध केला. मराठीला मात्र एक वाट मोकळी आहे : अरबीत श्रद्धा सांगणारा ‘इमान’ हा शब्द मराठीत एकनिष्ठेचा वाचक झाला आहे, तेव्हा ‘ख्रिस्ताचे इमान’ असे म्हणता येईल.

उपदेशक : इमान राखतो तो चाकर. तारणाऱ्याला चाकर ठरवायचे काय?

भाषांतरकार : फिलिप्पैकरांस 2:7 मध्ये पौल त्याला दासाचेच रूप देतो.

उपदेशक : तरीही ‘इमान’ म्हटल्याने दुहेरीपणा टिकत नाही, केवळ निवाडा उलटा होतो, आणि ‘ख्रिस्ताचा विश्वास’ लिहिले, तर ख्रिस्ताने दुसऱ्या कोणावर तरी विश्वास ठेवला असे मराठी वाचक समजेल. ज्याचा स्वतःचा विश्वास डळमळला आहे, तो मरणाच्या दारात एवढेच विचारतो, की तारण उरले की गेले. त्याला तळटीप वाचून दाखवायची काय?

भाषांतरकार : त्याला कर्त्याची षष्ठी वाचून दाखवावी.

उपदेशक : आणि ज्याला विश्वास ठेवण्याची गरजच वाटत नाही, त्याला कोणती?