घोडा जिंकला, पण पारख खरी होती काय?



दरवर्षी एप्रिल महिना आला की या देशातील कचेऱ्या, कारखाने आणि दुकाने यांत एकच विषय निघतो, तो म्हणजे ग्रँड नॅशनल. एरवी वर्षभर घोड्याकडे ढुंकूनही न पाहणारी माणसे त्या शनिवारी एक-दोन पौंड लावतात. कित्येक कचेऱ्यांत तर चिठ्ठ्या टाकून एकेकाला एकेक घोडा वाटून देतात. शर्यत संपते, आणि सोमवारी ज्याचा घोडा पहिला आला तो शहाणा ठरतो व बाकीचे मूर्ख ठरतात. डोळे मिटून चिठ्ठी उचलणाऱ्यालाही लोक विचारतात, "काय हो, तुम्हांला कसे कळले?" हे सारे गमतीचे आहे. परंतु या गमतीच्या पोटात एक गंभीर प्रश्न आहे, व त्याचाच विचार आज आम्ही करणार आहोत. एखादी निवड बरोबर होती की चूक, हे तिच्या निकालावरून ठरते काय?

आपल्यातील वडीलधाऱ्यांना रेस म्हटली की महालक्ष्मीचे मैदान आठवते. तेथील शर्यत सपाट मैदानावरची. ग्रँड नॅशनल ही उड्यांची शर्यत आहे. लिव्हरपूल शहराजवळील एन्ट्री नावाच्या मैदानावर घोड्यांना जवळजवळ सात किलोमीटर धावावे लागते आणि वाटेत तीस वेळा कुंपणे ओलांडावी लागतात. पूर्वी चाळीस घोडे सोडीत, २०२४ पासून जास्तीत जास्त चौतीस सोडतात. या शर्यतीची गणना १८३९ पासून करतात. त्या वर्षी जो घोडा जिंकला त्याचे नाव होते 'लॉटरी'. तेव्हापासून लोक म्हणत आले आहेत की येथे पारख-बिरख काही नाही, सगळी सोडतच आहे.

आम्हांला हे मत मान्य नाही. घोड्याची पारख ही खरी विद्या आहे. जाणकार मनुष्य आधी घोड्याच्या मागील शर्यती पाहतो. तो कितवा आला एवढेच नव्हे, तर कोणाविरुद्ध, किती अंतरावर आणि कसल्या जमिनीवर धावला, हेही पाहतो. पावसाने मऊ झालेल्या मैदानात ज्याचे पाय चालतात, तो कोरड्या कडक मैदानात मागे पडू शकतो. दोन मैल वाऱ्यासारखा धावणारा घोडा चार मैलांनंतर दमून उभा राहतो. मग उडी पाहायची. घोडा कुंपणापाशी पावले मोजून उडतो की छाती आपटून पलीकडे जातो, हे पाहायचे. त्यानंतर वय, ट्रेनर आणि जॉकी.

आणि शेवटी वजन. ग्रँड नॅशनल ही हँडिकॅपची शर्यत आहे. म्हणजे अधिकारी प्रत्येक घोड्याची योग्यता आकड्यांत ठरवतात, आणि जो श्रेष्ठ त्याच्या पाठीवर अधिक वजन देतात, जेणेकरून सर्वांना सारखी संधी मिळावी. इतका विचार करून, इतकी माहिती गोळा करून जो घोडा निवडतो, त्याची निवड आणि टोपीतली चिठ्ठी यांना एकाच मापाने मोजणे बरे नव्हे.

तरीसुद्धा १९६७ साली काय झाले ते पाहा. चव्वेचाळीस घोडे सुटले होते. तेविसाव्या कुंपणापाशी स्वार पडल्यामुळे मोकळाच धावत असलेला एक घोडा आडवा वळला. मागचे घोडे त्याच्यावर आणि एकमेकांवर आदळले, स्वार खाली पडले, आणि क्षणात सगळा रस्ता बंद झाला. फॉइनाव्हन नावाचा एक घोडा तेव्हा इतका मागे होता की त्याच्या जॉकीला, जॉन बकिंगहॅमला, हा गोंधळ आधीच दिसला. त्याने बाजूने वाट काढली, कुंपण ओलांडले आणि पुढची सारी शर्यत एकट्याने धावून जिंकली. भाव होता एकास शंभर. त्याचा ट्रेनर त्या दिवशी मैदानावर हजरही नव्हता, दुसऱ्या गावच्या शर्यतीला गेला होता. सर्वांचा आवडता हनी एंड मागाहून धावत दुसरा आला. आज त्या कुंपणालाच फॉइनाव्हनचे नाव आहे.

आता सांगा, ज्यांनी हनी एंडवर पैसे लावले ते मूर्ख होते काय? मोकळा घोडा कोठे वळेल हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. आणि ज्याने फॉइनाव्हनवर पैसे लावले, त्याने कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली एवढेच सिद्ध केले. जॉकीची गोष्ट मात्र वेगळी. त्याने त्या क्षणी जे डोळ्यांसमोर होते ते नीट पाहिले आणि योग्य ते केले. नशिबाने फट दिली, परंतु घोडा फटीतून नेला तो माणसाने. नशीब आणि अक्कल एकाच निकालात अशी मिसळलेली असतात, आणि नुसता निकाल पाहणाऱ्याला ती वेगळी करता येत नाहीत.

१९७३ सालची शर्यत याहूनही बोधप्रद आहे. क्रिस्प हा ऑस्ट्रेलियातला जबरदस्त घोडा बारा स्टोन वजन घेऊन धावला, आणि रेड रम दहा स्टोन पाच पौंड. म्हणजे क्रिस्पच्या पाठीवर तेवीस पौंड अधिक. क्रिस्प बहुतेक सारी शर्यत फार मोठ्या अंतराने पुढे होता. शेवटच्या सरळ रस्त्यावर त्याचे पाय जड झाले, आणि अगदी शेवटच्या काही पावलांत रेड रमने त्याला गाठून पाऊण घोड्याच्या अंतराने हरवले. दोघांनीही मैदानाचा तोवरचा विक्रम मोडला होता. पुढे रेड रमने १९७४ आणि १९७७ मध्येही ही शर्यत जिंकली, तेव्हा तो काही नशिबाचा घोडा नव्हे. पण त्या दिवशी अधिक मोठा घोडा कोणता, असे विचारले तर कित्येक जाणकार आजही हरलेल्याचे नाव घेतात. पाठीवरचे वजन न पाहता केवळ कोण आधी पोचला एवढेच पाहणे म्हणजे अर्धाच हिशेब झाला.

येथे कोणी म्हणेल, "मग काय, प्रत्येक हरणारा म्हणेल की माझी पारख बरोबर होती, फक्त नशीब आडवे आले." ही शंका रास्त आहे. नशिबाच्या नावावर आपला आळस आणि अज्ञान खपवणारे आपण सर्वत्र पाहतो. याला आमच्या मते एकच उपाय आहे. आपली कारणे शर्यतीपूर्वी मांडावीत, शक्य तर लिहून ठेवावीत, आणि निकालानंतर ती पुन्हा वाचावीत. एकास दहा भावाचा घोडा अकरा वेळा धावला तर एकदाच जिंकावा, असा त्या भावाचा अर्थ आहे. जाणकाराला वाटले की याची संधी आठात एक आहे, तर त्याची निवड चांगली. पण ही चांगली निवडसुद्धा आठांतून सात वेळा हरणारच! म्हणून एका शनिवारवरून कोणाची परीक्षा होत नाही. अनेक वर्षांचा प्रामाणिक हिशेब हवा, आणि त्यात हरलेले दिवस जिंकलेल्या दिवसांइतक्याच स्वच्छ अक्षरात लिहिलेले हवेत.

शिवाय कारणे तपासताना तीही पक्की समजू नयेत. सात वर्षांचा घोडा ग्रँड नॅशनल जिंकत नाही, असा जाणकारांचा नियम होता. १९४० नंतर असा घोडा जिंकलाच नव्हता. २०२२ साली नोबल येट्स या सात वर्षांच्या घोड्याने एकास पन्नास भावाने शर्यत जिंकली आणि ब्याऐंशी वर्षांचा नियम एका दुपारी संपला.

आपल्या शास्त्र्यांनी या विषयात खोल विचार केला होता, हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल. तल्मूदच्या सनहेद्रीन भागात कबुतरांच्या शर्यतीवर पैज लावणाऱ्याची साक्ष ग्राह्य धरू नये, असे आहे. का, याची दोन कारणे दिली आहेत. एक असे की तो जगाच्या उपयोगाचा धंदा करीत नाही. दुसरे असे की पैज लावणारा आपण जिंकणारच अशा समजुतीने लावतो, म्हणून हरल्यावर दिलेले पैसे तो मनापासून देतच नाही. हे दुसरे कारण आम्हांला फार मार्मिक वाटते. ज्याला आपली खात्रीच आहे, त्याला हार ही फसवणूक वाटते. आपण चुकू शकतो हे आधीच कबूल करणाऱ्याचीच पारख म्हणजे पारख. बाकी सारी घमेंड.

आणि घोड्याचे काय? पैज आपण लावतो, उडी त्याला मारावी लागते. २०२३ साली हिल सिक्स्टीन हा घोडा पहिल्याच कुंपणापाशी पडून मेला. घोडे कमी करणे व पहिले कुंपण अलीकडे आणणे, हे बदल त्या वर्षानंतर झाले. सुधारणा झाली, पण धोका संपलेला नाही. घोड्याच्या मागील कामगिरीत अंकांमध्ये कधी कधी 'पी' हे अक्षर दिसते. त्याचा अर्थ, जॉकीने लगाम खेचून घोड्याला शर्यतीतून बाहेर काढले. नवखा माणूस ते अक्षर पाहून म्हणतो, घोडा निकामी. पण कित्येकदा ते अक्षर म्हणजे त्या दिवशी मैदानावर घेतलेला सर्वांत शहाणा निर्णय असतो. घोडा दमला आहे हे ओळखून, हजारो लोकांची ओरड कानांवर घेत, स्वार थांबला. घोडा सुखरूप तबेल्यात परतला. निकालाच्या कागदावर मात्र याची नोंद अपयश म्हणूनच राहते.

हे सारे आम्ही शर्यतीसाठी लिहिले नाही. आपण मुंबई, पुणे, कोकण सोडून परदेशी आलो. कोणी इकडे आले, कोणी इस्रायलला गेले, कोणी तेथेच राहिले. आज लग्नकार्यात, सणावारी चार माणसे जमली की निकाल वाचले जातात. अमक्याने वेळेवर देश सोडला, तो दूरदृष्टीचा. त्याची घरे झाली, मुले डॉक्टर झाली. तमक्याने चांगली सरकारी नोकरी सोडली आणि येथे गोदामात आयुष्य काढले, त्याला अक्कल नव्हती. पण दोघांनी निर्णय घेतला त्या दिवशी दोघांच्या हाती तीच माहिती होती, तीच पत्रे, तीच ऐकीव वार्ता. एकाच्या वाटेत मोकळा घोडा आडवा आला, दुसऱ्याला फट सापडली. शिवाय कोणाच्या पाठीवर किती वजन होते, म्हातारे आईवडील, लग्नाच्या बहिणी, आजारी बायको, हे कोण विचारतो?

म्हणून आमची वाचकांना नम्र विनंती आहे. मुलाने धंदा निवडला, मुलीने स्थळ नाकारले, भावाने घर विकले, तर "काय झाले?" हे विचारण्याआधी "त्या वेळी तुला काय माहीत होते, आणि तू कसा विचार केलास?" हे विचारावे. उत्तर चांगले मिळाले तर हरलेल्याचाही मान राखावा. उत्तर मिळाले नाही तर जिंकलेल्याला शहाणा म्हणण्याची घाई करू नये. आणि कोणी वेळीच लगाम खेचून मागे फिरला असेल, तर त्याला भित्रा म्हणण्यापूर्वी, तो कोणाला सुखरूप घरी घेऊन आला, हे पाहावे.