ग्रंथसंग्रह आणि परिग्रह

घरी ग्रंथ जमविणे हा परिग्रह होय की काय, असे माळकरी मंडळी आम्हांस पुष्कळदा विचारतात. आम्हांस वाटते, ग्रंथांच्या संख्येवरून हे ठरत नाही. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. ग्रंथ होऊन तोवर सुमारे तीनशे वर्षे लोटली होती. नकला करता करता अपपाठ शिरले होते. आता पाठ बिघडला हे एकाच प्रतीवरून कसे कळावे हो? दुसरी शेजारी लागतेच. पण ती आपल्याच घरी असावी, असे कोठे आहे? एकाकडे साखरेमहाराजांची सार्थ, दुसऱ्याकडे राजवाड्यांची १९०९ सालची, एवढे परस्परांस ठाऊक असले म्हणजे झाले.

म्हणून गावातील ग्रंथप्रेमी मंडळींनी एकमेकांच्या याद्या उतरून घ्याव्यात. यादीत नुसते ‘ज्ञानेश्वरी’ लिहून भागत नाही. मूळ की सार्थ, संपादक कोण, छापखाना कोणता, साल कोणते, हे सारे हवे. कोणी ‘भावार्थदीपिका’ म्हणून शोधील, त्याच्यासाठी तेही नाव घालावे. अशी यादी करून पुन्हा कपाटास कुलूपच लावायचे असेल, तर ती दागिन्यांचीच यादी झाली. तो मात्र परिग्रह खरा.

पुस्तक दिले की गेले, हे भय आम्हांसही आहे! नेणाऱ्याचे नाव आणि तिथी लिहून ठेवावी, त्यात संकोच कसला? वारीहून परतल्यावर एकवार त्याच्याकडे जावे. वाचीत असेल तर राहू द्यावे. फळीवर धूळ खात असेल, तर बगलेत मारून घरी आणावे.