नाव सर्वांची, सुकाणू कोणाचे?

सिसिलीच्या उत्तरेस एओलियन नावाची सात ज्वालामुखीजन्य बेटे आहेत. परस्परांना अनोळखी असलेली माणसे भाडे समान वाटून घेऊन कॅटामरान या जोडनौकेतून तेथे आठवडाभर हिंडतात. वाटा समान असेल, तर निर्णयाचा अधिकारही समान असावा काय?

सहलीचे मुख्य आकर्षण म्हणजे स्ट्राँबोलीचा रात्रीचा अग्निखेळ. तो अधिक जवळून पाहावा, असे प्रत्येकास वाटते. परंतु ३० डिसेंबर २००२ रोजी याच पर्वताचा उतार समुद्रात कोसळून प्रचंड लाटा उसळल्या. ३ जुलै २०१९ च्या आकस्मिक स्फोटात एक गिर्यारोहक मरण पावला. समजा, नऊ जण ‘आणखी जवळ चला’ म्हणाले आणि एकटा भ्याला, तर बहुमत प्रमाण मानावे काय?

माझ्या मते, नाही. आधी कोणते बेट पाहायचे, हे मतांनी ठरवावे. जिवाच्या जोखमीचे तसे नाही. सभेत मत हरलेला उठून जाऊ शकतो. भर समुद्रात त्यास उतरता येत नाही. ज्याला बाहेर पडण्याची वाट नाही, त्याचा नकार नऊ होकारांहून जड मानला पाहिजे. तो जपण्यासाठीच कप्तानाचा शब्द अखेरचा असतो. आपली मर्जी चालवण्यासाठी नव्हे.

‘कॅटामरान’ हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला. त्याचा अर्थ बांधलेली लाकडे. गाठ सुटली की तराफा उरत नाही, नुसते ओंडके उरतात.