पालकाची संमति

सातबाराच्या उताऱ्यावर लहान मुलाच्या नांवापुढें 'अ. पा. क.' हीं अक्षरें आपण पाहिलीं असतील. अज्ञान पालनकर्ता, असा त्यांचा अर्थ. शेत मुलाचें, बाप केवळ राखणदार. १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणें तर असें शेत न्यायालयाच्या परवानगीवांचून बापालाहि विकतां येत नाहीं. मग त्याच मुलाचा आवाज, चेहरा व ठावठिकाणा बापानें मोबाईलवर अंगठा टेकवून परक्यास देऊन टाकावा काय?

अमेरिकेंत १९९८ सालीं असा कायदा झाला कीं, तेरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वीं संकेतस्थळाच्या चालकांनीं आईबापांची खात्रीलायक संमति घ्यावी. त्याचे नियम २००० सालीं अंमलांत आले. २०१३ सालीं त्यांत छायाचित्रें व आवाज आले. २०२५ च्या दुरुस्तीनें बोटांचे ठसे, इतकेंच नव्हे तर चालण्याची ढबहि आली. (चालीवरून माणूस ओळखणें आपल्या गांवच्या म्हाताऱ्यांस नवें नाहीं, परंतु ते ती ओळख विकीत नसत.) सेवेस आवश्यक नसतां माहिती तिऱ्हाइतास द्यावयाची तर निराळी संमति मागावी, व कोणतीहि माहिती अनिश्चित काळ जवळ ठेवूं नये, असेंहि ठरलें.

हें शेवटचें बंधन मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. कारण येथें बापाच्या होकारानें चालकाची सुटका होत नाहीं. आपल्या देशाच्या २०२३ च्या कायद्यांतहि अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवण्यास व त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास, कांहीं अपवाद वगळतां, मनाईच सांगितली आहे.

कोणी म्हणेल, मुलाचें हित आईबापांहून अधिक कोण जाणणार? हें म्हणणें पोकळ नाहीं. परंतु माया असणें निराळें आणि समज असणें निराळें. चूल पेटवितांना रडणारें पोर गप्प बसावें म्हणून आई जें बटण दाबते, त्यामागील करार वकिलासहि एका बैठकींत उलगडणें कठीण. शिवाय शेत गेलें तर पुन्हा घेतां येईल. परंतु अंगठ्याचा ठसा बदलून दुसरा कोठून आणावा? तेव्हां संमति मिळाली एवढ्यावरून मागणाऱ्याचा हात स्वच्छ ठरतो, असें मला वाटत नाहीं; आणि देणाऱ्याचाहि नाहीं.

मीं स्वतः धाकट्याच्या हट्टापायीं असा होकार न वाचतां दिला आहे. तो आतां अकरा वर्षांचा आहे. उद्यां त्यानें विचारलें कीं, बाबा, माझें काय काय दिलेंत, तर मला सांगतां येणार नाहीं.