तांडा, वाट आणि सातबारा

माणूस एका जागी राहतो की चालत राहतो, यावरून त्याची योग्यता ठरविण्याची प्रवृत्ती राज्यसत्तेइतकीच जुनी आहे. परंतु ती योग्यता प्रत्येक काळात सत्तेने आपल्या गरजेप्रमाणे चढविली अथवा उतरविली, हे इतिहास जरा सावकाश वाचला म्हणजे ध्यानात येते. या विचाराचा प्रवास न्याहाळण्यास पुसदसारखे ठिकाण क्वचितच सापडेल. पूस नदीच्या काठचे हे गाव, भोवतीच्या टेकड्यांच्या उतारांवर विखुरलेले बंजाऱ्यांचे तांडे, आणि त्यांपैकीच गहुलीसारख्या लहानशा वस्तीने महाराष्ट्राला दिलेले दोन मुख्यमंत्री, एवढा सारा इतिहास या एका तालुक्यात सामावलेला आहे.

मोगल अमदानीत चालणारा माणूस ही राज्याची निकड होती. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली वाटेत चौदा हजार बैलांचा धान्य वाहणारा तांडा भेटला, आणि पुढे ताव्हेर्निए या फ्रेंच प्रवाशानेही धान्य, तांदूळ, डाळी व मीठ वाहणाऱ्या अशाच प्रचंड तांड्यांचे वर्णन केले. किनाऱ्यावरचे मीठ देशावर चढावे आणि देशावरचे धान्य छावणीत पोहोचावे, ही लदेणी ज्यांच्या बैलांच्या पाठीवर चाले, त्यांच्यावाचून दख्खनेतील मोहिमांची रसद अडून राहिली असती. म्हणूनच १८०३ च्या मराठ्यांशी झालेल्या युद्धात आर्थर वेलस्लीसारख्या इंग्रजी फौजेच्या सेनापतीलाही धान्यासाठी बंजाऱ्यांवर अवलंबून राहावे लागले.

या चालत्या लोकसमूहात अव्यवस्था मुळीच नव्हती. नायक हा त्याचा प्रमुख, कारभारी त्याचा सहायक, आणि तंटेबखेडे मिटविणारी पंचायत तांड्याबरोबरच मुक्काम हलवी. कळपातील एक बैल देवाला वाहिलेला असे. त्याच्या पाठीवर कधीही गोणी लादली जात नसे, त्याला तांबड्या रेशमाच्या पट्ट्या, घुंगरे आणि कवड्यांनी शृंगारीत, आणि सायंकाळी तो जेथे बसेल तेथेच तांड्याचा तळ पडे, असे जुने वर्णन आढळते. ज्या समाजाने आपल्या मुक्कामाचा निर्णयही श्रद्धेच्या आणि सर्वमान्य रूढीच्या स्वाधीन केला होता, त्याला केवळ त्याच्या पायाखालची जमीन रोज बदलते म्हणून असंस्कृत म्हणणे हा विचाराचा आळस आहे.

मंडीने पाहिलेल्या तांड्यानंतर सुमारे दोन शतकांनी उत्तर अमेरिकेतही बैल जुंपलेल्या गाड्यांच्या रांगा मिसुरीच्या काठापासून ऑरेगॉनच्या खोऱ्यापर्यंत सुमारे दोन हजार मैलांची वाट तुडवू लागल्या. तेथील प्रवासी मात्र वाटेवर जगण्यासाठी निघाला नव्हता. वाट संपावी आणि जमीन मिळावी, हाच त्याचा हेतू होता. १८६२ च्या कायद्याने पाच वर्षे वास्तव्य करून जमीन कसणाऱ्याला १६० एकरांचा हक्क देऊ केला, आणि १८९३ साली फ्रेडरिक टर्नर या इतिहासकाराने अमेरिकन लोकशाहीचा स्वभाव याच सीमाप्रदेशात घडला असे प्रतिपादन केले. ज्या मूळ रहिवाशांना १८३० च्या कायद्याने आपल्या भूमीवरून पश्चिमेकडे हुसकावले गेले होते, त्यांचे चालणे मात्र त्या गौरवगाथेत मानाने बसविले गेले नाही. जमिनीचा कागद ज्याच्या हाती पडला तो आद्य वसाहतकार ठरला, आणि ज्याच्या हातून ती गेली तो भटक्या.

अमेरिकेतील ज्या यादवी युद्धाच्या काळात १८६२ चा हा जमिनीचा कायदा झाला, त्याच युद्धाने पुसद ज्यात मोडते त्या वऱ्हाडचेही रूप पालटले. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजी अमलाखाली आलेले होते. अमेरिकेचा कापूस मँचेस्टरला पोहोचेनासा होताच येथील काळ्या जमिनीला सोन्याचे मोल आले. चराऊ राने नांगराखाली जाऊ लागली, १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, आणि पुढे सरकारी राखीव जंगलांच्या सीमा आखल्या जाऊ लागल्या. मालगाडीपुढे गोणीच्या बैलाचा टिकाव लागेना, चाऱ्यासाठी रान उरेना, आणि शतकानुशतकांचा व्यवसाय अवघ्या एक-दोन पिढ्यांत मोडकळीस आला. दुःखाची गोष्ट ही, की ज्या क्षणी हा माणूस राज्याच्या उपयोगाचा उरला नाही, त्याच क्षणी तो संशयास पात्र झाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच अपराधाचा शिक्का लावण्याची सोय केली, आणि त्याचा जाच अनेक प्रांतांतील फिरत्या जमातींना सोसावा लागला. एका खंडात गाडी घेऊन निघालेल्याला जमिनीचा पट्टा आणि दुसऱ्या खंडात बैल घेऊन निघालेल्याला चौकीची हजेरी, हे दोन्ही कायदे नऊ वर्षांच्या अंतराने झाले.

वाट बंद झाल्यावर तांडे जेथे जागा मिळेल तेथे थांबले. सुपीक खोरी आधीच इतरांच्या नावे लागलेली असल्यामुळे त्यांच्या वाट्याला बहुधा मुरमाड उतार आले. नाईक घराण्याचे पूर्वज चतुरसिंग यांनी वसविलेल्या गहुलीत १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक जन्मले, त्यांनी पुसदला वकिली केली, आणि १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्रिपद भूषविले. त्यांच्याच कारकिर्दीत, १९७२ च्या दुष्काळात, माणसाला त्याच्या गावाजवळच काम मिळाले पाहिजे या तत्त्वावर रोजगार हमी योजना आकारास आली. स्थायिक होण्याच्या कल्पनेचा हा सर्वांत उदार टप्पा म्हणावा लागेल. कारण येथे प्रथमच स्थिर राहण्याची सक्ती न करता स्थिर राहता येईल अशी परिस्थिती निर्माण करण्याची जबाबदारी राज्याने आपल्या शिरावर घेतली.

तथापि हा टप्पा अपुराच राहिला आहे. १९५२ साली गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला, पण एकच समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत गणला जातो. राज्याची सीमा ओलांडली की त्याच माणसाची सरकारदरबारी ओळख बदलते. कित्येक तांडे आजही शेजारच्या महसुली गावाच्या दप्तरात गुरफटलेले आहेत. आणि दसरा-दिवाळी उलटली की कोरडवाहू शेतीवर भागत नाही म्हणून याच भागातील कुटुंबे कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात. मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची तजवीज झाली आहे हे स्तुत्य. परंतु तेवढ्याने मूळ प्रश्न सुटत नाही.

तो प्रश्न असा, की नागरिकाचे हक्क त्याच्या जागेला चिकटलेले असावेत की त्याच्या देहाला. जुन्या तांड्यात न्याय, आप्तसंबंध आणि संकटकाळचा आधार माणसाबरोबर चालत असे. आपल्या राज्यव्यवस्थेने त्याला सातबारा आणि मतदारयादी दिली, पण तो गावाची शीव ओलांडून फडावर गेला की शाळा, दवाखाना आणि मत ही सारी मागे, कुलूप लावलेल्या घरापाशी राहतात. जमीन देणे हे न्यायाचे पहिले पाऊल होते, आणि ते पुसदच्या तांड्यांनी अपार कष्टाने सार्थ केले. दुसरे पाऊल म्हणजे जो माणूस पोटासाठी चालतो त्याच्या पाठोपाठ त्याचे हक्कही चालावेत अशी व्यवस्था करणे. आणि ते पडेपर्यंत भटक्याला नागरिक केल्याचे श्रेय घेण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.