विचारल्याशिवाय वाढलेलं

॥ श्री गुरवे नमः ॥



मागच्या गुरुपौर्णिमेला आपण गावाबाहेरच्या गायरानात रोपं लावली, ते सगळ्यांना आठवत असेल. फोटो याच ग्रुपवर तीन दिवस येत होते. संक्रांतीनंतर आपल्यातले चारजण सहज तिकडं गेलो, तर नुसत्या काटक्या उभ्या. बांधाकडेला दोन-तीन कडुलिंब जगलेले, तेही बहुधा आपोआप उगवलेले. शेळ्यांनी खाल्लं असणार, असं आपण बोलत होतो. शेजारीच एक आजी शेळ्या राखत बसल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "उन्हाळ्यात आमच्या जनावरांनी कुठं जावं, हे तुम्ही कुणाला विचारलं होतं का?"

आपण कुणालाच विचारलं नव्हतं. खड्डे, पाणी, बॅनर, नाष्टा, सगळ्याचा विचार झाला होता. त्या आजींचा झाला नव्हता. तेव्हापासून एक प्रश्न आम्हाला सोडत नाही. ज्याच्या दारात जाऊन सेवा करायची, त्याला न विचारता केली, तर तिला सेवा म्हणावं का?

या प्रश्नाचा माग काढत आम्ही पार समुद्रापर्यंत गेलो. हसू नका. आपल्या कारंजा नदीचं पाणी मांजरेत जातं, मांजरा तेलंगणात कंदकुर्तीला गोदावरीत मिळते आणि गोदावरी आंध्रात समुद्राला. तिथं काकिनाड्याजवळ, गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाचं खारफुटीचं मोठं जंगल आहे. कोकणात याच जंगलाला कांदळवन म्हणतात. खाऱ्या चिखलात वाढणारी ही झाडं. काहींची मुळं चिखलातून बोटांसारखी वर येऊन हवा घेतात. त्या मुळांच्या आडोशाला मासे, कोळंबी, खेकड्यांची पिल्लं वाढतात, आणि वादळात लाटेचा पहिला तडाखा हीच झाडं झेलतात. म्हणजे आपल्या शेतातून वाहून गेलेली काळी माती कुठंतरी जाऊन त्या झाडांच्या पायाशी बसत असणार.

आता खरी गोष्ट. तमिळनाडूत चिदंबरमजवळ पिचावरम म्हणून गाव आहे. तिथलं खारफुटीचं जंगल पट्टेच्या पट्टे मरत चाललं होतं. दोष कुणाचा, हे ठरून गेलेलं होतं. आजूबाजूचे गरीब लोक लाकूड तोडतात, गुरं घालतात, त्यांचाच. 1990 च्या दशकात एम. एस. स्वामिनाथन संशोधन संस्थेनं तिथं नीट पाहिलं, तर मूळ दुखणं वेगळंच निघालं. इंग्रजांच्या काळापासून सरकारी खात्यानंच तिथली झाडं पट्ट्यापट्ट्यानं साफ तोडून नेली होती. उघडी पडलेली जमीन उन्हानं सुकून खचली आणि बशीसारखी खोलगट झाली. भरतीचं पाणी आत यायचं, ओहोटीला बाहेर पडायचं नाही. ते तिथंच आटायचं आणि मीठ मागं ठेवायचं. तशा जागी कितीही रोपं लावली तरी ती मरणारच. चिबडलेल्या रानात तुरीचं काय होतं, ते आपल्या शेतकरी बंधूंना सांगायला नको.

उपायही शेतकऱ्याला पटेल असाच होता. माशाच्या काट्यासारखे चर काढले, मधे एक मोठा आणि दोन्ही बाजूंना तिरपे लहान. भरती-ओहोटीचं पाणी खेळू लागलं, मीठ धुऊन निघालं, मग रोपं लावली. पण चर गाळानं भरतात. ते वेळोवेळी उपसावे लागतात, आणि ते काम बाहेरचा माणूस जन्मभर करू शकत नाही. म्हणून आधी गावांशी बोलणं झालं, समित्या झाल्या, काम आणि राखण दोन्ही गावाकडं आली. गोदावरी आणि कृष्णेच्या मुखाशीही पुढं हीच पद्धत वापरली. म्हणजे कित्येक वर्षं ज्यांना चोर ठरवलं होतं, त्यांच्याशिवाय जंगल उभं राहत नव्हतं.

आपण शेळ्यांना दोष दिला तेव्हा आपणही तेच करत होतो की नाही?

आपल्या भंडाऱ्यात वाढपी पंगतीत "वाढू का?" असं विचारल्याशिवाय पळी रिकामी करत नाही. ही शिस्त महाराजांनी लावली आहे. न विचारता वाढलं की पान टाकलं जातं. अन्न वाया जातं ते जातंच, वर जेवणारा संकोचून बसतो आणि वाढणाऱ्याला मात्र आपण भरपूर वाढल्याचं समाधान मिळतं. आपल्या रोपांचं तसंच झालं. समाधान आपल्याला मिळालं. कर्तेपणा सोडा असं आपण रोज ऐकतो, पण सेवेच्या आड लपलेला कर्तेपणा ओळखायला फार अवघड, निदान आम्हाला तरी जड गेला.

एका बंधूंनी यावर हरकत घेतली, आणि ती खोटी नाही. तापलेल्या लेकराला विचारून कडू औषध देतात का? मुंबईत कांदळवनावर भराव टाकून जमिनी केल्या जात होत्या. तिथं कुणाकुणाला विचारत बसायचं? मुंबई उच्च न्यायालयानं 2005 साली राज्यभरातली कांदळवनाची तोड थांबवली आणि 2018 ला कांदळवन नष्ट करणं म्हणजे जगण्याच्या हक्कावर घाला आहे असं सांगितलं. ते गरजेचंच होतं. नुकसान थांबवायला हुकूम चालतो, हे आम्हाला मान्य. पण हुकुमानं चर उपसले जात नाहीत. शिवाय त्या आजी काही तापलेलं लेकरू नव्हत्या. त्या जागेची माहिती आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त होती.

आणखी एक गोष्ट, ही थोडी टोचणारी आहे. गावाला सामील करून घ्यायचं म्हटलं की आपल्या तोंडी लगेच श्रमदान येतं. आपण रविवारी दोन तास टिकाव मारतो, सोमवारी पगार आणि दुकान चालूच. रोजानं जाणाऱ्या बाईनं तेच दोन तास दिले तर तिचा अर्धा रोज बुडतो. तिच्याकडून फुकट काम मागून त्याला पुण्य म्हणणं बरोबर नाही. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या, मच्छीमार घरातल्या बायका 2017 पासून पाहुण्यांना स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. त्याचे पैसे त्यांच्या घरात येतात. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं कांदळवनाच्या गावांसाठी खेकडापालनासारख्या उपजीविकेची योजना काढली. जंगल राहिलं तर चूल पेटते, असं एकदा झालं की राखणदार नेमावा लागत नाही. यात कुणाला सेवेचा भाव कमी वाटेल. आम्हाला वाटत नाही.

तर येत्या रविवारी सकाळी सात वाजता मंदिरासमोर जमायचं आहे. रोपं आणू नयेत, टिकाव-फावडी आणू नयेत, बॅनर तर नकोच. फोटोही काढायचे नाहीत. गायरानाकडं जाऊन त्या आजी आणि जनावरं राखणारी दुसरी माणसं भेटतील तिथं बसायचं. कोणता भाग चराईला हवा, कुठं पाणी थांबतं, कुठलं झाड शेळ्या खात नाहीत, आणि मुळात तिथं झाडं हवीत का, हे त्यांनाच विचारायचं. नको म्हणाले तर परत यायचं. राखणीचं काम कुणी घ्यायला तयार झालं तर त्याचा रोज कशातून द्यायचा, ते येताना बोलू. बॅनरचे आणि नाष्ट्याचे मागचे पैसे वहीत आहेत, तेवढ्यापासून सुरुवात करता येईल.

लेकरांना बरोबर आणा. पाण्याच्या बाटल्या आपापल्या.

॥ जय गुरुदेव ॥